चांगदेव म्हात्रे तेरडा लावतात

तेरडा कोणी लावत नसतं. तो येतो. पाऊस स्थिरावला की कातळाच्या उतारावर, बांधाच्या कडेला, जिथे पाणी झिरपतं पण साचत नाही अशा कुठल्याही बिनभाड्याच्या जागेत तो आपला आपण उगवतो, श्रावणात गुलाबी-जांभळा होतो आणि भाद्रपदात देव बनतो. इतकं सगळं तो कुणाच्याही मदतीशिवाय करत असल्यामुळे, किहीमचे निवृत्त हेडक्लार्क चांगदेव म्हात्रे यांनी घरी कुंड्यांत तेरडा लावायला घेतला आहे ही बातमी पसरली, तेव्हा गावाने ती जरा काळजीनेच ऐकली. नोकरी संपली, मग बायको गेली, मुलगी लांब पुण्याला. माणसाच्या डोक्यावर थोडा परिणाम व्हायचाच, असं म्हणून लोकांनी त्यांना माफ केलं. चांगदेवांना ही माफी अजिबात आवडली नाही.

मुळात हे प्रकरण त्यांच्या मुलीने, म्हणजे प्राप्तीने सुरू केलं होतं. निदान चांगदेवांचं तसं म्हणणं होतं. म्हात्र्यांच्या घरात गौर येते ती तेरड्याची. मुखवटा नाही, पितळेची मूर्ती नाही. तेरड्याची रोपं मुळासकट उपटायची, विहिरीवर धुवायची, जुडी बांधून तिला लुगडं नेसवायचं, झाली गौर. मुळं ही गौरीची पावलं, म्हणून तुटलेला तेरडा चालत नाही. आणि ती आणायची घरच्या लेकीने. बायको मथुराबाई गेल्या त्या वर्षी घरात सण नव्हता. यंदा वर्ष उलटलं होतं, म्हणून जूनमध्येच चांगदेवांनी फोनवर विषय काढला.

"यंदा गौर आणायची. तू येशील ना?"

"बघू पप्पा. रजेचं कठीण आहे. आणि तेरडा कुठून आणणार? आपला तो उतार तर कंपाउंडमध्ये गेला."

"तेरड्याचं मी बघतो. तू रजेचं बघ."

"बरं," प्राप्ती हसून म्हणाली, "तुम्ही तेरडा दाखवा, मी रजा टाकते."

आता हे बोलणं मुलीने फोन ठेवता ठेवता केलं होतं. पण चांगदेवांनी सगळं आयुष्य खारभूमीच्या कचेरीत काढलेलं. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि तो बांध फुटला की कोणाच्या सहीने घातला होता हे शोधायचं, यात त्यांची हयात गेली. तिथे तोंडी बोलणंसुद्धा कार्यवाहीसाठी घ्यायची सवय. त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या दृष्टीने करार झाला होता. तेरडा दिसला की मुलगी येणार.

दुसऱ्याच दिवशी ते अलिबागला नर्सरीत गेले.

"तेरडा?" नर्सरीवाल्याने कमरेवर हात ठेवले. "काका, तो आम्ही उपटून फेकतो. बाल्सम देऊ का? तोच असतो, फक्त सुधारलेला."

सुधारलेल्या तेरड्याला गुलाबासारखी दुहेरी पाकळ्यांची भरगच्च फुलं आली. कुंड्या ओटीवर रांगेत मांडून चांगदेव त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते, तेवढ्यात शेजारच्या दगडी गडग्यावरून सोनूबाई घरतांचं डोकं वर आलं. सोनूबाईंनी ऐंशी ओलांडली होती, आणि गावात चांगदेवांना 'चांग्या' म्हणणारं एवढं एकच माणूस शिल्लक होतं.

"चांग्या, ह्यो गुलाब हाय का तेरडा?"

"तेरडाच आहे काकी. सुधारित."

"गौरीला सुधारित कनाला व्हवी? आपली हाय तीच बरी. ही त लग्नाच्या हॉलमधी उभी करायची बाय दिसते."

चांगदेवांनी कुंड्यांना आणखी पाणी घातलं. पण आठवड्याभरात सुधारित बाईंची देठं बुडापासून मऊ पडली आणि एकेक करून त्या मातीवर आडव्या झाल्या. सोनूबाईंचा मुलगा सदू, जो घरामागच्या वाडीत पर्यटकांसाठी कॉटेजेस चालवतो, त्याने सांगितलं, पाणी जास्त झालं. पाणी कमी केल्यावर सांगितलं, पाणी कमी झालं. मग म्हणाला, "चांगूभाऊ, माती बदला." माती बदलली. शेणखत, कोकोपीट, नीमपेंड. गावच्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ताक ओतायला सांगितलं, कोणी अंड्याची टरफलं, आणि एका गृहस्थांनी नुसतंच सूर्योदयाचं चित्र पाठवलं. चांगदेवांनी ताकही ओतलं, टरफलंही टाकली. रोपं श्रीमंतीत मेली.

याच ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, की झाडांशी बोललं तर ती जोमाने वाढतात. चांगदेवांना हे शास्त्रीय वाटलं. पहिल्या दिवशी काय बोलावं हे सुचेना, म्हणून त्यांनी कुंड्यांना आपलं नाव आणि हुद्दा सांगितला. मग हळूहळू जमत गेलं. आज आमटीत मीठ जास्त झालं. लाइट गेली होती. प्राप्तीचा फोन आला नाही, मीटिंगमध्ये असेल. मथुराबाई असताना हे सगळं त्या स्वयंपाकघरातून 'हं, हं' करत ऐकायच्या, आणि त्या ऐकत नाहीत अशी चांगदेवांची कायमची तक्रार असायची. आता कळत होतं, की त्या 'हं'वरच तर सगळं चाललं होतं. शेवटचं रोपही मेलं तरी रिकाम्या कुंड्यांशी बोलणं चालूच राहिलं. बंद करण्याचं तसं काही कारण नव्हतं.

जुलै अर्धा सरला तेव्हा चांगदेव छत्री घेऊन गावामागच्या त्या जुन्या उतारावर गेले. मथुराबाई आणि प्राप्ती दर वर्षी तिथूनच गौर आणायच्या. आता तिथे दगडी कंपाउंड, लोखंडी फाटक आणि आत कापलेला डोंगर होता. मुंबईच्या कोणा माणसाचे बंगले व्हायचे होते.

"अंदर कोई नहीं है," फाटकावरचा वॉचमन म्हणाला.

"मला कोणी नकोच आहे. मला जरा तेरडा बघायचा आहे."

"वो तो छुट्टी पे होगा."

चांगदेवांनी फाटकाच्या गजांतूनच बघितलं. जेसीबी न फिरलेल्या एका कोपऱ्यात, कातळाच्या फटीतून पाणी पाझरत होतं, आणि तिथे तेरडाच तेरडा माजला होता. ना खत, ना ताक. दगडगोट्यांत पाय रोवून, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून दाटीने उभा. एकटं असं एकही रोप नव्हतं. चांगदेव बराच वेळ गजांना धरून उभे राहिले आणि वॉचमन त्यांच्याकडे संशयाने बघत राहिला.

आपण चूक काय केली हे त्यांना एकदम उमगलं. तेरड्याला लाड नको होते, त्याला डोंगर हवा होता. गौर तर गावच्या शिवेतलीच हवी. दुसऱ्या गावची आणली तर ती दुसऱ्याची लेक, तिला आपल्या घरी कशाला आणायची? तेव्हा बाहेरून तेरडा आणणं बाद, आणि फाटकाआडचा वॉचमन उपटू देणार नव्हता. राहता राहिला एकच मार्ग, आणि तो त्यांना फाटकातून बाहेर पडणाऱ्या टेम्पोत दिसला. उतार कापून निघालेला मुरूम आणि दगड टेम्पो भरभरून कुठेतरी भरावाला चालले होते.

डोंगर अंगणात आणायचा, असं चांगदेवांनी ठरवलं.

टेम्पोवाल्याला त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. पण टेम्पो घराच्या फाटकातून आत जाईना. त्याने आरशात बघितलं, मागे घेतला, पुढे घेतला, चांगदेवांच्या पेरूची एक फांदी मोडली, आणि शेवटी अर्धा डोंगर अंगणात आणि अर्धा रस्त्याच्या कडेला, गटाराच्या बाजूने ओतून तो निघून गेला. चांगदेव घमेलं घेऊन बाहेरचा डोंगर आत आणू लागले. चौथ्या घमेल्याला त्यांची कंबर धरली. पुढचे काही दिवस ते काटकोनात वाकून फिरत होते, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की ते काहीतरी शोधतायत.

तरीही डोंगर झाला. तसा तो कमरेएवढाच होता, पण उतार काढला होता, फटी ठेवल्या होत्या, आणि माथ्यावर नळाची पाइप अशी बांधली होती की थेंब थेंब पाणी झिरपत राहावं. ते पाणी झिरपत झिरपत घरतांच्या कॉटेजच्या पार्किंगमध्ये गेलं. तिथे ठाण्याहून आलेले एक गृहस्थ घसरून बसले. सदू तावातावाने गडग्यापाशी आला.

"चांगूभाऊ, ह्या वयात धबधबा कनाला पायजे तुम्हाला?"

"धबधबा नाही. अधिवास आहे."

"आधी वास नव्हता, आता येतोय!" सदू म्हणाला. त्यात तथ्य होतं, कारण ताक अजून कुठेतरी मुरलेलं होतं. पण आठ दिवसांनी तोच सदू पडेल चेहऱ्याने परत आला. घसरलेल्या गृहस्थांच्या बायकोने इंटरनेटवर लिहिलं होतं, की कॉटेजच्या शेजारी एक छोटासा खासगी धबधबा आहे. आता येणारा प्रत्येक पाहुणा त्याबद्दल विचारत होता. "जरा पानी वाढवा ना शनिवार-रविवार," सदू म्हणाला. चांगदेवांनी त्याला बाणेदारपणे नकार दिला.

मग ग्रामपंचायतीची नोटीस आली. बांधकाम साहित्य रस्त्यावर टाकल्याबद्दल. चांगदेव स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून, अजून थोडे वाकलेलेच, कचेरीत गेले. लिपिक विपुल मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाला, "काय बांधताय काका?"

"बांधत काही नाही. तो डोंगर आहे."

विपुलने डोळे वर केले. "डोंगर?"

"लहान आहे."

"काका, आपल्याकडे घर, संडास, गोठा, कंपाउंड एवढंच आहे. डोंगराला तुम्हाला तहसीलला जायला लागेल. आणि तिथे गेलात तर ते विचारतील, उत्खननाची परवानगी कुठाय."

"मी उत्खनन केलेलं नाही. मी उलट केलंय."

"उलट्याचं काय माहीत नाय मला," विपुल प्रांजळपणे म्हणाला. ज्या खुर्चीत आयुष्यभर आपण बसलो, तिच्या समोर उभं राहिलं की ती किती उंच असते हे चांगदेवांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपण किती जणांना असंच परत पाठवलं असेल, हा विचार त्यांच्या मनात आला, पण त्यांनी तो लगेच घालवला. ते आले ते अंगणातल्या डोंगराशी बोलायला बसले.

त्या डोंगरावर काही उगवलं नाही. थोडं शेवाळ आलं, एक खेकडा आला आणि राहिला. श्रावण लागला. प्राप्तीचा फोन आला की चांगदेव "प्रगती आहे" एवढंच सांगायचे. आणि एका सकाळी दूध आणायला म्हणून फाटकाबाहेर पाऊल टाकलं, तर रस्त्याच्या कडेला, गटाराच्या काठाने, जिथे त्यांची कंबर धरल्यामुळे अर्धा मुरूम तसाच पडला होता, तिथे तेरडा उभा! बी मुरुमातूनच आलं होतं. ज्या मुरुमाला त्यांनी पाणी घातलं, ज्याच्याशी बोलले, तो ढिम्म बसला. आणि ज्यासाठी नोटीस आली तो गुलाबी झाला.

चांगदेवांना हसावं की काय करावं कळेना. त्यांनी फोटो काढला. पहिल्यात त्यांचा अंगठा आला, दुसऱ्यात सोनूबाई आल्या, तिसरा पुण्याला गेला. संध्याकाळी प्राप्तीचं उत्तर आलं: "अय्या! आपल्या दारात?? मस्त." रजेबद्दल काही नव्हतं. पण 'आपल्या' म्हणाली, हे चांगदेवांनी नीट वाचलं. त्यांनी तिच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या, म्हणजे ऊन पडेल तेव्हा, आणि पाऊस आला की आत घेतल्या. दिवसभर हाच व्यायाम झाला.

आता फक्त गणपतीपर्यंत तेरडा राखायचा होता. अडचण अशी, की गणपतीआधी ग्रामपंचायत रस्त्याकडेचं गवत कापते, आणि पंचायतीच्या दृष्टीने तेरडा हे गवतच. चांगदेव छत्री आणि खुर्ची घेऊन फाटकाबाहेर बसू लागले. जाणारे-येणारे विचारायचे, "कोणाची वाट बघताय?" ते म्हणायचे, "कोणाची नाही." ते उत्तर विचारणाऱ्याला पटत नसे, आणि त्यांना स्वतःलाही.

बसून बसून अंग आंबल्यावर त्यांनी रीतसर मार्ग काढायचा ठरवला. आपल्या घरासमोरचं गवत गौरी जाईपर्यंत न कापण्याबाबत विनंती-अर्ज, दोन प्रतींत. विपुलने तो दोनदा वाचला.

"काका, कापण्याचा ठराव झालाय. न कापण्याचा ठराव करायचा तर ग्रामसभा लागेल."

"मग नुसता आवक शिक्का तरी मार."

शिक्क्याची गादी सुकलेली होती. विपुलने तिच्यावर पाणी टाकलं, फुंकर मारली, शिक्का उमटेना. चांगदेव हट्टाने उभे राहिले. आवक शिक्का नसलेला अर्ज म्हणजे कागद. शेवटी फिकट जांभळा अर्धा शिक्का उमटला आणि तो घडी करून खिशात घालून ते घरी आले, तर यंत्राचा घर्रर्र आवाज पुढच्या वळणापर्यंत गेला होता आणि त्यांच्या दारातला तेरडा गुडघ्याइतकासुद्धा उरला नव्हता. सगळी मुळं जागच्या जागी. गौरीची पावलं होती, गौर नव्हती.

"मी बोल्ली त्याला," सोनूबाई गडग्यावरून म्हणाल्या, "आरं, चांग्याची गौर हाय ती. तो बोल्ला, माज्या कागदावर गवत लिवलंय."

विजेच्या खांबामागे, यंत्राचं तोंड पोचलं नाही तिथे, काही रोपं वाचली होती. जुडीला पुरतील इतकीच. चांगदेवांनी ती झाकायला खांबाभोवती जुनं धोतर गुंडाळलं, आणि त्या रात्री पुण्याला फोन केला. कापलेल्याचं सांगितलं नाही. खांबामागच्यांचं सांगितलं.

"तेरडा तयार आहे. चार दिवसांनी गौरी. रजा मिळाली?"

पलीकडे कुठलंसं दार लोटल्याचा आवाज आला.

"पप्पा, रजा केव्हाच मिळालीये," प्राप्ती म्हणाली. "टाकलीच नाही असं सांगणार होते तुम्हाला. मी दाराशी गौर घेऊन येणार, आणि आतून आई विचारायची ना, कशाच्या पावली आली म्हणून? आता आत कोण विचारणार? मला त्या दाराशी उभं राहवणार नाही, पप्पा. कोणी विचारलंच नाही तर मी काय करू?"

चांगदेव "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांना वाटलं, की आपण सगळा पावसाळा बाहेरच्या तेरड्यापायी घालवला, आणि रिकामं होतं ते आत. त्या रात्री ते कुंड्यांशी काही बोलले नाहीत.

गौरीच्या दिवशी दुपारपासून गल्लीतून बायका विहिरीकडे जात होत्या. कोणाची लेक पनवेलहून आलेली, कोणाची दिवेआगरहून. हसणं, गाणी, आत कोणीतरी विचारतंय, बाहेरून उत्तर येतंय, दार उघडतंय. चांगदेव ओटीवर बसून ते सगळं ऐकत होते. ऊन कलायला लागलं तसे ते उठले. खांबामागची रोपं मुळासकट, एकही मूळ न तोडता काढली, विहिरीवर धुतली, मथुराबाईंचं हिरवं लुगडं नेसवलं. तीनदा नेसवलं, तीनदा सुटलं, चौथ्यांदा सेफ्टी पिन लावली. सुपात ठेवून दाराशी आले.

"बाप्यानी गौर आणलेली मी तरी बगली नाय," गडग्यापलीकडून सोनूबाई म्हणाल्या. मग मान पुढे काढून, "पदर सरळ कर तिचा."

चांगदेव उंबऱ्याशी उभे राहिले. आतून विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा नियम. सूप हातात घेऊन ते तसेच थांबले, जणू आतून खरंच कोणी विचारेल. शेवटी त्यांनी सूप उंबऱ्यावर ठेवलं, वळसा घालून मागच्या दाराने आत गेले, माजघरात उभे राहिले आणि घसा साफ करून विचारलं:

"गौर आली, कशाच्या पावली आली?"

मग घाईघाईने मागच्या दाराने बाहेर, परसातून वळसा, पुढे येऊन सूप उचललं आणि दम खात म्हणाले:

"सोन्याच्या पावली आली."

पण हे एका प्रश्नावर भागत नाही. माजघर झालं की स्वयंपाकघर, मग धान्याची कोठी, मग देव. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, प्रत्येक ठिकाणी सांगायचं. धनधान्याच्या पावली, हळदीकुंकवाच्या पावली, दुधातुपाच्या पावली. चांगदेव दर वेळी आत जात होते, परत बाहेर येत होते. एकदा प्रश्न विसरले म्हणून परत गेले. परसात शेवाळावर पाय घसरला. सदूच्या कॉटेजमधले पाहुणे हे सगळं गडग्यावरून बघत होते आणि त्यातल्या एकाने हळूच विचारलं, रोज असतं का हे? सोनूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खोलीत गेला.

गौर पाटावर बसली तेव्हा दिवेलागण झाली होती. चांगदेवांनी निरांजन लावलं आणि तिच्यासमोर भिंतीला टेकून बसले. एवढं सगळं केलं, आणि सांगायला कोणी नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी फोन उचलला.

"प्राप्ती, गौर आणली."

"कोणी आणली?"

"मी."

"आणि आत कोणी विचारलं?"

"मीच विचारलं. मागच्या दाराने जायचो."

ती आधी हसली. चांगली मोठ्याने, लहानपणी हसायची तशी. आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. ती रडते आहे हे चांगदेवांना कळत होतं, आणि काय करायचं हे मथुराबाईंना कळलं असतं.

"पप्पा," ती म्हणाली, "मला विचारा ना."

चांगदेव उठले. माजघरात, जिथे मथुराबाई उभ्या राहायच्या तिथे जाऊन उभे राहिले. फोन कानाला धरून, रिकाम्या दाराकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "गौर आली, कशाच्या पावली आली?"

"सोन्याच्या," पुण्याहून प्राप्ती म्हणाली. "सोन्याच्या पावली आली, पप्पा."

"मग बाहेर कशाला उभी? आत ये."

"उद्या पूजेला येते," ती म्हणाली. "पहिल्या गाडीने."

फोन ठेवल्यावर चांगदेव तिथेच उभे राहिले. मग कोणी नसलेल्या त्या घरात मोठ्याने म्हणाले, "मथुरे, येतेय गं ती."